वरचा डबा, खालचा डबा

मावशी, मंगळवारपासून रोज संध्याकाळी पाच वाजता माझ्या सात कोंबड्या आणि तो आगाऊ कोंबडा कंपास तुझ्या ओट्याखाली जाऊन उभे राहतायत. सविता त्यांना आमच्या अंगणात तांदूळ टाकते. टिपतात आणि पुन्हा तिकडेच चालू लागतात. तुझं दार लोटलेलं असतं. डब्याच्या झाकणावर कोणी टकटक करत नाही. तरी उभ्या. मान वाकडी करून, एका डोळ्यानं दाराकडे बघत. परवा मी त्यांना हुसकायला गेलो आणि हात वर करून तसाच थांबलो. यांना काय सांगायचं? मलाच अजून नीट कळलेलं नाही.

मंगळवारी सकाळी साडेसातला तू माझ्याशी भांडलीस. दुपारी दोनला तू नव्हतीस. मधल्या वेळात मी काय केलं, तर नेहमीसारखे प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासले, डबा खाल्ला, चहा प्यायलो. मग सविताचा फोन आला. "अहो, फिलूमावशी गेल्या." मी म्हणालो, "कुठे? बाजारात?" खरंच म्हणालो मी असं. ती रडायला लागली तेव्हा म्हणालो, "अगं, पण सकाळी तर खिळ्यावरून भांडत होती माझ्याशी!" जणू सकाळी भांडलेल्या माणसाला दुपारी मरायची परवानगीच नसते.

तू बोंबील टांगत होतीस म्हणे. बांबूच्या आडव्या काठ्यांवर, तोंडात तोंड अडकवून, जोडी-जोडीनं. हातातली जोडी टांगलीस आणि खाली बसलीस. बाजूच्या बायकांना वाटलं, टोपलीतली पुढची जोडी घ्यायला वाकलीय. एवढंच. बुधवारी तुमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मी शेवटच्या बाकावर बसलो होतो. कधी उठायचं, कधी बसायचं काही कळत नव्हतं. मूठभर माती टाकली. हाताला माती चिकटली ती घरी येईपर्यंत झटकली नाही. तरी मला वाटत होतं की घरी जाऊन हे सगळं तुला सांगावं. तू हसशील. "डिग्री, तू बसायच्या टायमाला उबा राह्यलास काय रं?"

पहिल्या दिवशी तू माझ्या पाटीला हसली होतीस. आठवतं? भाईंदर पूर्वेची खोली सोडून आम्ही इथं उत्तनला तुझ्या शेजारी आलो, तेव्हा सामान लावायच्या आधी मी दारावर पाटी ठोकली. नाव आणि पुढे बी.एस्सी. लावणारच. माझे वडील परभणीकडून आले, जन्मभर दुसऱ्यांच्या इमारतींचे पाये खणले, सही करायला चाळिशीत शिकले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. पदवी काय ट्रंकेत ठेवायला मिळवली होती?

तू डोक्यावरची टोपली खाली ठेवलीस आणि पाटीकडे बघत राहिलीस. "नांवाच्या मांगं ह्ये काय लावलंस?"

मी सांगितलं.

"म्हंजे डॉक्टर?"

"नाही."

"वकील?"

"नाही हो मावशी, तुम्ही काय…"

तू मागे वळून बघितलंस. "तुमी कोनाला बोलतंस? माज्या मांगं कोन उबा हाय?"

त्या दिवसापासून मी तुला 'तू' म्हणायला लागलो आणि तू मला 'डिग्री'. "ए डिग्री, तुज्या नलाला पानी आलं काय रं?" महिन्याभरात सगळी गल्ली मला डिग्री म्हणायला लागली. मी वरवर चिडायचो. आतून बरं वाटायचं. आता सांगतो.

कोंबड्यांचं खूळ माझंच. समताला कुत्रा हवा होता. मी म्हटलं, कुत्रा अंडी देत नाही. नऊ वर्षांच्या मुलीला हे पटत नाही, पण माझी मुलगी माझं ऐकायची. बाप सांगतो म्हणजे बरोबरच, असं तिचं होतं. पंधरा दिवस मी वाचत होतो. टीव्हीचं रिकामं खोकं घेतलं, तळाला भाताचं तूस पसरलं, साठचा बल्ब टांगला, प्रयोगशाळेतला जुना थर्मामीटर बांधला. वहीत तापमान लिहायला रकाने आखले. स्टेशनजवळच्या माणसाकडून बारा पिल्लं आणली. "सर, सब मादी है, गारंटी," तो म्हणाला. त्या गारंटीतला एक आज पहाटे पाचला आरवतो.

तू आलीस, कमरेवर हात ठेवून खोक्यात वाकून बघितलंस. "टीवीच्या खोक्यात कोंबड्या? चॅनल कंचा लागतोय?"

समता हसून हसून आडवी झाली. मी तुला बल्ब, तापमान, सगळं समजावलं. तू शेवटपर्यंत ऐकलंस आणि विचारलंस, "आन आयशीबिगर ह्यांना शिकवनार कोन?"

"मी."

"मंग पयलं उकिरडा उकरून दाकव."

पिल्लांची नावं समतानं दफ्तरातून काढली. पेन्सिल, कंपास, पट्टी, खोडरबर, शार्पनर. बारा जणांना पुरेल इतकं दफ्तरात नव्हतं, म्हणून शेवटच्या दोघांची नावं डबा आणि बाटली. तू ती सगळी पाठ केलीस. शाळेचं दफ्तर कधी उचललं नव्हतंस, पण 'शार्पनर' कुठला ते तुला लांबून ओळखू यायचं.

दोन आठवडे झाले आणि तू म्हणालीस, "नुसत्या भरड्यावर पिल्लं धरनार न्हाईत. सुका जवला घाल थोडा. दाराआडचा डबा घे, मी बाजारात चाललंय."

आता नीट ऐक, मावशी. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

तुझ्या दाराआड एकावर एक दोन डबे होते. खालचा मी उघडला. काळपट माल, वाळूमाती, जवळ्याच्या मिशा, सालपटं. वरचा उघडला. बारीक, पांढुरका, स्वच्छ. मला वाटलं, माल एकच, एक चाळलेला, एक बिनचाळलेला. माझ्या पिल्लांना मी वाळू कशाला घालू? मी वरच्यातून दोन मुठी घेतल्या.

दुसऱ्या दिवशी पिल्लं पाण्याच्या वाटीवरून हलेनात. पीत होती, कोलमडत होती, उठून पुन्हा पीत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी समता खोक्यापाशी गेली. ओरडली नाही, रडली नाही, नुसती उभी राहिली. नऊ गेली होती. पेन्सिल, कंपास आणि पट्टी तेवढी एका कोपऱ्यात एकमेकांना चिकटून.

माणूस शिकलेला असला की दुःख झाल्यावर काय करतो? पुरावा गोळा करतो. ताटलीत उरलेला चुरा मी पुडीत बांधून प्रयोगशाळेत नेला. पाण्यात कालवला, गाळला, वरून सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडले. मीठ असलं की दह्यासारखा पांढरा साका होतो. इतका साका मी समुद्राच्या पाण्यालाही बघितला नव्हता. कागदावर आकडे लिहिले, खाली सही केली आणि त्याच संध्याकाळी समताचा हात धरून तुझ्या ओट्यावर आलो.

"मावशी, मिठानं मेली पिल्लं. तुझ्या मासळीत मीठ होतं. हे बघ, तपासलंय मी. इतकी वर्षं कोंबड्या पाळतेस आणि एवढं माहीत नाही? अंदाजपंचे चालतं तुम्हा लोकांचं सगळं."

तुम्हा लोकांचं. हे दोन शब्द माझ्या बापानं किती मुकादमांच्या, किती साहेबांच्या तोंडून ऐकले, ते मला माहीत आहे. ते घरात आणायचे नाहीत म्हणूनच तर मी शिकलो. आणि पहिली संधी मिळताच तुझ्या दारात वापरले.

 कागद हातात घेतलास, उलटा. मग आत गेलीस. दाराआड झाकणाचा आवाज झाला. एकदा, मग परत एकदा. बाहेर आलीस तेव्हा तुझा चेहरा अगदी साधा होता.

"व्हय," तू म्हणालीस. "माजीच चूक. तू तपासलंस म्हंजे खरंच आसंल." मग खाली बसून समताला म्हणालीस, "बाय, मना माफ कर."

समतानं केलं नाही. तोंड फिरवून घरी गेली. नाताळात तू गोड कुलकुलांची बशी पाठवलीस, ती तिनं तशीच नेऊन तुझ्या ओट्यावर ठेवली. मी तिला एका शब्दानं बोललो नाही. मनात म्हटलं, मुलगी तत्त्वाची आहे. तू बशी उचललीस आणि माझ्याकडे बघून म्हणालीस, "राग तुज्यासारखा हाय. डिग्री घेनार ही पन."

पुढे ती वितळली. कोण नाही वितळणार तुझ्यापुढे? फेब्रुवारीत तू तुझी खुडूक बसलेली तांबडी कोंबडी टोपलीसकट आमच्या पडवीत आणून ठेवलीस. "घे. ही शिकवील पिल्लांना. तुला उकरता येत न्हाय." खाली सहा अंडी. त्यातल्या पाचांतून पिल्लं निघाली. अंडं उन्हाच्या तिरपेत धरून आत लाल रेषा बघायला तू समताला शिकवलंस. खुराडं दगडांवर उचलून ठेव, मुंगूस खालून उकरतो, हे मला शिकवलंस. पाणी ठेवायचं ते खोल भांड्यात नको. पिल्लांना आयशीच्या पोटाखालून ओढून काढायचं नाही, तिला वाटेल तेव्हा ती उठते. माझ्या पंधरा दिवसांच्या वाचनात हे सगळं होतं का? असेल. मला तुझ्याच आवाजात आठवतं.

पण समताचा एक प्रश्न गेला नाही. रोज पाच वाजता तू झाकणावर टकटक करायचीस, कोंबड्या धावायच्या, त्यांच्या मागे समता. आणि तू मूठ उघडण्याआधी ती विचारायची, "मावशी, यात मीठ नाही ना?"

"न्हाय गो बाय. चाटून बघ."

आणि तू आधी स्वतःच्या जिभेवर चिमूट ठेवायचीस. मग तिच्या. मग कोंबड्यांना. रोज. वर्षभर. मी पडवीत उभा राहून बघायचो. सांगू का मला काय वाटायचं? बरं वाटायचं. म्हटलं, मुलगी विचारून घेते. विज्ञान शिकली.

काल शनिवारी तुझ्या घरधन्यानं, पास्कूकाकानं, मला बोलावलं. ओट्यावर दोन्ही डबे काढून ठेवले होते. एवढा मोठा माणूस, समुद्रावर चाळीस वर्षं काढलेला, डब्यांशेजारी उकिडवा बसला होता.

"ह्यो तुजा," त्यानं खालचा डबा माझ्याकडे सरकवला. "कोंबड्यांचा. ती गेली तरी त्यांना लागंल."

मी दुसऱ्या डब्याकडे बघितलं. "आणि हा?"

"तो चटनीचा. खाऱ्या मासलीचा चुरा. मीठच जास्त त्यात. तो नगं नेऊ." मग म्हणाला, "तू येकदा नेलावतास."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"तेवाच कललंवतं तिला," काका म्हणाला. "आत यून बघितलं तं वरच्या डब्यात मुठीचा खड्डा. मना बोलली, पास्कू, त्यानं चटनीचा नेला. मी बोललो, मंग जा, सांग त्याला, ओरडून गेला ना तो? ती बोलली, पोर संगती होती. त्या पोरीला वाटतं माजा बाप समदं जानतो. ऱ्हाऊ दे तसं. माजं काय जातं?"

 मावशी, मी रसायनशास्त्राचा पदवीधर आहे. रोज मीठ मोजणं हे माझं काम आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं की एका नमुन्यावर निकाल देत नाहीत, तुलनेला दुसरा घेतात. तुझ्या स्वतःच्या कोंबड्या जे खात होत्या त्याची एक चिमूट मी नेली असती, तर पाच मिनिटांत सगळं उघड झालं असतं. मी नेली नाही. का नेली नाही?

कारण मला एकदा, एकच क्षण, शंका आली होती. प्रयोगशाळेत, तो पांढरा साका खाली बसताना. दोन डबे डोळ्यांसमोर आले होते. मी परीक्षानळी धुऊन ठेवली.

म्हणजे तुला माहीत होतं, आणि मला माहीत होऊ शकलं असतं. आणि वर्षभर तू रोज माझ्या मुलीपुढे जीभ बाहेर काढून मीठ चाखत होतीस, माझ्या चुकीसाठी. कशी गं हसायचीस? एकदा तरी, भांडताना तरी, तोंडावर मारायचं होतंस. मंगळवारी सकाळी चांगली संधी होती. पेन्सिल अंड्यांवर बसलीय, तिच्या टोपलीत तू लोखंडी खिळा ठेवला होतास, गडगडाटानं अंडी बिघडू नयेत म्हणून. तो मी काढून खिडकीत ठेवला.

"खिला कुनी काडला?"

"मी. गंजलाय तो. आणि विज्ञानात असं काही नाही, मावशी."

"तुज्या विज्ञानात नसंल. माज्या टोपलीत हाय." आणि जाता जाता मागे वळून, "सांजच्याला बघतंय तुला."

सांजच्याला. पाच संध्याकाळी मी वाट बघितली.

आज रविवार. जेवणं झाल्यावर मी समताला पडवीत बसवलं आणि सांगितलं. दोन डबे, दोन मुठी, कागद, सगळं. परीक्षानळी धुतल्याचंही. सविता दारात उभी राहून ऐकत होती. सांगताना माझ्या हातांना घाम आला होता, बी.एस्सी.च्या तोंडी परीक्षेलाही आला नव्हता इतका.

समता पेन्सिलच्या टोपलीकडे वळली. मग म्हणाली, "म्हणजे मी तिला रोज विचारत होते, ते…"

"हो."

"तिला माहीत होतं की तुम्ही केलं?"

"हो."

"आणि तुम्ही मला थांबवलं नाही."

"नाही."

ती उठली. मला वाटलं, आता आत जाईल, माझ्याशी पण महिनाभर बोलणार नाही, आणि तिचं बरोबरच असेल. ती आत गेली नाही. खिडकीतला खिळा घेतला आणि टोपलीत, पेन्सिलच्या पंखाखाली सरकवला. पेन्सिल गुरगुरली.  खिळ्याबद्दल माझं मत अजून तेच आहे, मावशी, तुला खोटं कशाला सांगू? पण हे भांडण एकट्यानं जिंकण्यात मला रस नाही. राहू दे तो तिथंच.

पाच वाजले. कोंबड्या निघाल्या, तुझ्या ओट्याकडे. मी काकानं दिलेला डबा घेतला आणि त्यांच्या मागे गेलो. समता आली. दोन हात लांब राहून आली, पण आली. तुझ्या पायरीवर मी बसलो. ज्या जागेवर तू बसायचीस तिथं नाही, एक पायरी खाली. झाकणावर बोटांनी टकटक केलं. आवाज तुझ्यासारखा आला नाही, तरी कंपास उडी मारून माझ्या गुडघ्यापर्यंत आला. काका आतून उठून दारात येऊन उभा राहिला.

मी मूठ भरली. काळपट माल, वाळूमाती, जवळ्याच्या मिशा.

समता माझ्या मुठीकडे बघत होती. मग माझ्याकडे. नऊ पिल्लं गेली त्या सकाळी जशी उभी होती, तशीच उभी.

"पप्पा," ती म्हणाली, "यात मीठ नाही ना?"

मला लगेच उत्तर देता आलं असतं. डबा कुठला ते मला माहीत होतं. पण मी चिमूट उचलली आणि जिभेवर ठेवली. वाळू दाताखाली कचकचली. वास नाकात गेला. नीट, पुरता वेळ घेऊन चाखलं.

"न्हाय गो बाय," मी म्हणालो. "चाटून बघ."

ती जवळ आली आणि तिनं जीभ बाहेर काढली.